झोपेतून धडधडत जाग येते, वाटतं संपलं सगळं. सोलापुरात कुणाला असा अनुभव?

खटखट_पूर्वभाग

मंडळी, चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४१. अशोक चौकाच्या मागच्या अंगाला राहतो, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि डिस्पॅच बघतो. दारू, तंबाखू नाही. चहा आहे आणि तो भरपूर आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जेवून, बातम्या बघून साडेअकराला पडलो. एक वाजून दहा मिनिटांनी उठून बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा कुणीतरी बखोट धरून बसवलं. बनियन पाठीला चिकटलेलं, छातीत शेजारचा यंत्रमाग चालावा तसं चाललेलं, श्वास पुरेना, बोटांच्या टोकांना आणि ओठांना मुंग्या. स्वप्न वगैरे काही नाही. फक्त एकच गोष्ट पक्की ठाऊक, की मी आता मरणार. बायकोला हलवलं आणि म्हणालो, "जातोय मी." ती झोपेत म्हणाली, "कुठं?"

आता हसू येतं. तेव्हा नाही आलं.

शेजारच्या पोराच्या गाडीवर, मागून बायकोने धरलेलं, असे तिघे जण दवाखान्यात. ईसीजी नॉर्मल. गॅस म्हणून एक इंजेक्शन दिलं. घरी पोहोचेपर्यंत मी ठणठणीत. आठ दिवसांनी परत तेच. मग परत. तिसऱ्या खेपेला ड्युटीवरचे पोरगेले डॉक्टर कागदाकडे बघतच म्हणाले, "काका, तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा." काही झालेलं नाही म्हणजे? मी काय हौसेनं रात्री दीडला ट्रिपल सीट येतो?

आता उशाखाली सॉर्बिट्रेटची पट्टी असते (छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी; एका मित्राने दिली, त्याच्या वडिलांची). ऑक्सिमीटर घेतलाय. तीन उशा लावून अर्धा बसून झोपतो. खरं तर झोपायचीच भीती बसलीय, दहा वाजले की पोटात गोळा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी कधी अपरात्री. बायको म्हणते, जागेच असता तर मोटार तुम्हीच लावत जा.

माझा स्वतःचा एक अंदाज होता. आमच्या भागात रात्रभर माग चालतात. आम्हाला आवाजाने जाग येत नाही, लाइट गेली आणि खटखट थांबली की येते. म्हटलं तेच असेल. पण लाइट असतानाही दोनदा झालं.

कुणाला असं होतं का? हे नक्की आहे काय?

होटगीरोड_७२

काय टेन्शन घेलालाव मालक. पित्त आहे हे. रात्री शेंगाचटणी, कडक भाकरी आणि वर ताक, लगेच आडवं. मला बी असंच होलालतं. संध्याकाळी सातला जेवाय लागलो, गेलं.

खटखट_पूर्वभाग

केलंय मालक तेही. दीड महिना साडेसातला जेवतोय. चटणी बंद केली, सोलापूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. झटका चुकला नाही.

डॉ_निशाचर

मी फिजिशियन आहे. इथे कुणाला तपासता येत नाही, तेव्हा निदान म्हणून घेऊ नका. पण तुम्ही लिहिलंय ते झोपेतल्या पॅनिक अटॅकच्या, म्हणजे धोका नसताना अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्याच्या, वर्णनाशी जवळपास शब्दशः जुळतं. हा प्रकार दुर्मीळ नाही. पॅनिकचा आजार असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना कधी ना कधी झोपेतून असा झटका येऊन गेलेला असतो.

त्या डॉक्टरांचं वाक्य अर्धंच होतं. "हृदयाला काही झालेलं नाही" असं म्हणायचं आणि पुढे "मग झालंय काय" तेही सांगायचं. रात्रपाळीत ते राहून जातं, माझ्याकडूनही राहिलंय.

मात्र उलट्या बाजूने इशारा देतो, कारण हा धागा वाचून कुणी खराखुरा हार्ट अटॅक पॅनिक समजून अंगावर काढू नये. पहिल्यांदा होत असेल तर दवाखान्यातच जायचं. छातीवर दाब येऊन कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, जिना चढताना तसंच दुखत असेल, आडवं पडल्यावर दम लागून बसावं लागत असेल आणि पाय सुजत असतील, तर विचार करत बसू नका, १०८ लावा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये नेहमीसारखी कळ येईलच असं नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावं.

एकदा नीट तपासणी करून घ्या. ईसीजी झटका ओसरल्यावर काढला असेल तर ठोक्यांमधला मधूनच होणारा बिघाड त्यात दिसत नाही. शंका असेल तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोके नोंदवत राहणारं छोटं यंत्र, लावतात. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर रात्री उतरली तरी घाम, थरथर, धडधड असंच होतं. होटगीरोडकर म्हणतात ते पित्तही खोटं नाही, अन्ननलिकेत आम्ल वर येऊन माणूस ठसकत उठतो. दमाही असू शकतो. घोरणंही.

आणि ती सॉर्बिट्रेट आधी उशाखालून काढा. दुसऱ्याच्या वडिलांची गोळी आहे ती. रक्तदाब खाली आणते, डोकं ठणकतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढ्यानेच पुढचा झटका यायला पुरतं.

जुळे_सोलापूर

घोरण्यावरून सांगतो. मलाही गुदमरून जाग यायची, मी पॅनिकच समजत होतो. बायकोने मोबाइलवर शूटिंग केलं. मी जोरात घोरतोय, मग एकदम शांत, श्वासच नाही, आणि मग खर्रकन मोठा आवाज करून उठतोय. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, केली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आता मशीन लावून झोपतो. पोरं म्हणतात बाबा फायटर पायलट. काय म्हणायचं ते म्हणा, दिवसा डुलक्या येणं थांबलं. खटखटराव, तुम्ही घोरता का आणि दुपारी टेबलावर पेंगता का, हे वहिनींना विचारा. स्वतःला विचारून उपयोग नाही.

खटखट_पूर्वभाग

विचारलं. "आधी घोरत होता, आता झोपतच नाही तर घोरणार कधी" असं उत्तर मिळालं.

बोरमाळ

माझं थोडं वेगळं. बाळ सहा महिन्यांचं असताना सुरू झालं. रात्री एकदम जाग, काळीज तोंडात, हात थरथर. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, माहेरी आजीने लिंबू उतरवलं. त्यात कुणाचं वाईट नव्हतं, मायेनेच केलं. पण त्या नादात चार महिने गेले. वजन उतरत होतं, केस जात होते, सगळे म्हणत होते अंगावर पाजतेस म्हणून. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड तपासलं. बाळंतपणानंतर काहींचं थायरॉइड काही महिने वाढतं, तसं झालं होतं.

आता खरी गंमत. थायरॉइड ताळ्यावर आलं तरी रात्रीचं थांबेना. धडधड कमी झाली होती, पण "आता धडधडणार" ही वाट बघणं थांबलं नव्हतं. त्याचं औषध वेगळं घ्यावं लागलं.

एका रात्री अडीच वाजता मी १४४१६ ला फोन केला होता. टेली-मानस, सरकारी आहे, २०२२ मध्ये सुरू झालं, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने उपदेश केला नाही. "आत्ता तुम्ही कुठे बसलाय, पायाखाली काय आहे" एवढंच विचारत राहिली. पायाखाली फरशी होती, गार. तेवढ्याने थांबलं त्या रात्री.

मनकवडी

माझं माहेर सोलापूर, काम पुण्यात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. बोरमाळताईंनी जे लिहिलंय, "वाट बघणं थांबलं नाही", मूळ दुखणं तिथेच आहे.

लोकांना वाटतं वाईट स्वप्नामुळे होतं. नाही. स्वप्नं मुख्यतः झोपेच्या ज्या टप्प्यात पडतात, म्हणजे डोळे बुबुळांसकट भराभर फिरतात तो टप्पा, तो पहाटेकडे वाढत जातो. हे झटके बहुतेक वेळा झोप लागल्यापासून पहिल्या तीनेक तासांत येतात, हलकी झोप गाढ व्हायला लागते त्या उतारावर. म्हणून तुम्हाला स्वप्न आठवत नाही, कारण ते पडलेलंच नसतं. लहान मुलं रात्री किंचाळून उठतात ते वेगळं, त्यांना सकाळी काही आठवत नाही. छातीवर कुणी बसलंय आणि हात हलत नाही, तेही वेगळं. तिथे जाग आलेली असते पण शरीर अजून स्वप्नाच्या टप्प्यातच अडकलेलं असतं. पॅनिकमध्ये माणूस पूर्ण जागा असतो, हलू शकतो, आणि सकाळी सगळं लख्ख आठवतं.

मग झोपेत घाबरायला झालं काय? गाढ झोपेकडे जाताना श्वास आणि ठोके यांची लय बदलते. सगळ्यांचीच बदलते. ज्याचा मेंदू शरीरातल्या बारीकसारीक हालचालींवर पहारा ठेवायला शिकलाय, तो झोपेतही पहारा सोडत नाही, आणि त्या साध्या बदलाला धोका समजून गजर वाजवतो. डोनाल्ड क्लाइन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९९३ मध्ये अशी मांडणी केली की काहींचा गुदमरण्याचा गजरच फार हळवा असतो, गुदमरत नसतानाही वाजतो. त्याआधी १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी जे मांडलं त्यावर आजची थेरपी बरीचशी उभी आहे: धडधड झाली, तिचा अर्थ "हार्ट अटॅक" असा लावला, त्या अर्थाने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली, म्हणजे अर्थ खराच होता असं वाटलं. घाण्याचा बैल आहे हा.

मुंग्यांचं कारणही साधं. घाईघाईने जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने ओठ आणि बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं. हवा कमी पडत नसते, उलट जास्त झालेली असते. म्हणून "मोठा श्वास घ्या" हा सल्ला चुकतो. सोडण्यावर भर द्या. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर, चार-पाच मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घ्यायची जुनी युक्ती करू नका, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर ती महागात पडते.

खटखटराव, एक वही करा. झोप कधी लागली, झटका कधी आला, दिवसभरात चहा किती आणि शेवटचा कधी. निष्कर्ष काढू नका, फक्त लिहा.

साखरपेठकर

वहीपेक्षा रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला चार चकरा मारा, योग करा, विचार सकारात्मक ठेवा. आमच्या वेळी असले आजार नव्हते.

बोरमाळ

काका, तुमच्या वेळीही होते. बायका रात्री परसात जाऊन बसायच्या आणि कुणी विचारत नव्हतं. माझ्या आजीने स्वतः सांगितलंय. चालणं चांगलंच आहे, पण झोपलेल्या माणसाने सकारात्मक विचार नक्की कसा करायचा, तेवढं सांगा.

साखरपेठकर

बरं बाई. मुद्दा मान्य.

एक_वाचक

माझ्या नवऱ्याला होतं. मी काय करायचं? मी "काही नाही झालं, झोपा" म्हणते तर ते चिडतात.

मनकवडी

चिडणारच, त्यांच्या अंगात वणवा पेटलाय आणि आपण म्हणतोय धूरसुद्धा नाही. प्रश्न कमी विचारा. मोठा दिवा लावून सगळं घर उठवू नका. शेजारी बसा, "हे मागच्या वेळेसारखंच आहे, वर चढेल आणि उतरेल, मी आहे" इतकं पुरे. साधारण दहा मिनिटांत शिखर गाठून ते ओसरायला लागतं. तुम्ही स्वतः आवाज येईल असा हळू श्वास सोडलात तर त्यांचा आपोआप मागे येतो. आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं झोप आली नाही तर पलंगावर तळमळण्यापेक्षा बाहेर खुर्चीत बसू द्या. घड्याळ बघू देऊ नका. पण दर रात्री जागरण करून पहारा देऊ नका. तुमचा पहाराही त्यांच्या मेंदूला हेच सांगतो की धोका आहे.

खटखट_पूर्वभाग

*(तीन आठवड्यांनी)*

वही केली. डिस्पॅचवाला माणूस, तक्ते मांडायला आवडतात.

सात झटके. सहांची वेळ साडेबारा ते पावणेदोनच्या मध्ये. आईला सांगितलं तर तिने बोट नाकावर ठेवलं, "तीच वेळ असते त्यांची." पण सातवा बघा. एक्स्पोर्टची गाडी भरायची होती, पहाटे अडीचला झोपलो. झटका आला चार वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे घड्याळाशी संबंध नाही, झोप लागल्यापासून दीड तासाशी आहे. मनकवडीताई म्हणतात तोच उतार. हे कागदावर बघितलं आणि निम्मी भीती तिथेच गळाली. भुताला माझ्या शिफ्टचं टाइमटेबल ठाऊक असणं अवघड आहे.

चहा दिवसाला नऊ कप निघाले, शेवटचा रात्री दहाला. आता चार, शेवटचा दुपारी तीनला. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ आली.

तपासण्या झाल्या, इको आणि थायरॉइड ठीक, स्लीप स्टडीतही काही निघालं नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. खरं सांगतो, नंबर लागेपर्यंत रुमालाने तोंड झाकून बसलो होतो, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून. समोर आमच्याच गल्लीतले दोघे, तेही रुमाल लावून.

गोळी सुरू केलीय, रोज एक. तज्ज्ञांनी बजावलंय की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत थोडं वाढल्यासारखं वाटेल, फरक पडायला चार-सहा आठवडे लागतील, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही. मेडिकलवाल्या ओळखीने अल्प्राझोलामचं (घबराट शमवणारी, झोप आणणारी गोळी) पाकीट आणून ठेवलं होतं, ते त्यांना दाखवलं तर त्यांनी काढूनच घेतलं.

डॉ_निशाचर

बरं केलं त्यांनी. अल्प्राझोलाम तात्पुरती, देखरेखीखाली, कधी कधी लागते. पण ओळखीच्या मेडिकलमधून आणून महिनोन्महिने घेणारे माझ्याकडे येतात. सवय लागते, डोस वाढत जातो, आणि एकदम सोडली की झोप उडते, धडधड परत. मूळ आजारापेक्षा ती सोडवणं जड जातं.

खर्चाचं कुणाला असेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढा आणि जा. रुमाल ऐच्छिक.

खटखट_पूर्वभाग

थेरपीत काय करायला लावलं ते सांगतो, विश्वास बसणार नाही. खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. मग शीतपेयाच्या नळीतून एक मिनिट श्वास घ्यायला लावला. मग जिना पळत चढायला. म्हणजे दिवसाढवळ्या, मुद्दाम, तीच धडधड, तीच चक्कर. पहिल्यांदा नळी फेकून दिली मी. सहाव्यांदा कंटाळा आला. मॅडम म्हणाल्या, कंटाळा यायलाच हवा होता. भीतीची ओळख झाली की ती पाहुणी राहत नाही, म्हणे. आमच्याकडे पाहुणे ओळख झाल्यावर जास्त राहतात, पण असो.

तीन उशांची एक झाली. ऑक्सिमीटर बायकोने कपाटात कुलपात ठेवलाय.

आणि मोजण्याचं. चार-सहा मराठीत मोजायला लागलो की घाई व्हायची, दिवसभर टॉवेलचे गठ्ठे मराठीतच मोजतो ना, जीभ पळते. बायको तेलुगू घरातली. एका रात्री तिने माझ्या पाठीवर हात ठेवून अर्धवट झोपेत सुरू केलं, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. थांबली. मग सोडताना ऐदू, आरूपर्यंत, प्रत्येक आकडा लांबवत, पोरांना झोपवायची तसं. मला पुढचा आकडा आठवावा लागतो, म्हणून मोजणं आपोआप हळू होतं.

होटगीरोड_७२

हे भारी आहे मालक. आमच्या घरी कन्नड चालंल का?

मनकवडी

चालेल की. सोडायचा श्वास लांब, एवढाच नियम.

खटखट_पूर्वभाग

*(अडीच महिन्यांनी)*

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. झटके पूर्ण गेले नाहीत. या महिन्यात दोन आले, एकात बसूनही राहिलो अर्धा तास. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली, पोरांना पाळण्यात बसवलं, मीही बसलो. खाली आल्यावर पाय लटपटत होते पण ते सगळ्यांचेच लटपटत होते.

परवा पार्टीच्या पेमेंटसाठी मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो. आठ महिन्यांत रात्रीचा एकट्याने प्रवास नव्हता केला, गाडीत काही झालं तर कोण आहे म्हणून. वरचा बर्थ. दौंडच्या आसपास धडधडत जाग आली, छत नाकासमोर, बाहेर चहावाला ओरडतोय. ओकटीपासून सुरू केलं. खालचे काका म्हणाले, "काय हो, मंत्र का?" म्हटलं, हो.

कल्याणला उतरायचं होतं. डोळे उघडले तेव्हा ठाणं गेलेलं.

जुळे_सोलापूर

मग दादरहून लोकलने उलटे?

खटखट_पूर्वभाग

उभ्याने. पण झोप झाली होती.